तलावावरची मोजणी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे मधे थांबावं लागणार नाही. हा प्रकार मी कुणालाही सांगायला लागलो की माझी बायको नेमकी अशा जागी हसते, जिथे माझ्या मते माझी थोडी कीव यायला हवी.

मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, हे आधीच कबूल करतो. कावळा कळतो, चिमणी कळते, आणि कोंबडी कुठल्याही स्वरूपात समोर आली तरी ओळखता येते. आमच्या घरात पक्ष्यांचं खातं वर्षाकडे. वर्षा म्हणजे माझी बायको. थेरगावच्या एका शाळेत शिकवते, आणि तिथल्याच निवृत्त लिमये मॅडमच्या नादाने पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये शिरली. तेव्हापासून रहाटणीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा नाही. तिथे तीन पायांच्या स्टँडवर एक दुर्बीण उभी असते आणि तिला पावसाचा एक थेंब लागू नये म्हणून मी भिजतो.

मी स्वतः चाकणला एका कंपनीत स्टोअरला आहे. स्टोअरला म्हणजे काय, मोजत बसायचं. नट मोजा, बोल्ट मोजा, ऑडिट आलं की मोजलेलंच परत मोजा. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी वर्षा म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चला. मोजायला माणूस कमी पडतोय."

"काय मोजायचंय?"

"शिकारी पक्षी."

मग तिने मला शाळेतल्या पोरांना सांगतात तसं सांगितलं. थंडी पडायला लागली की गरुड, ससाणे, भोवत्या असले पक्षी उत्तरेकडून खाली येतात. काही आपल्याकडे मुक्काम करतात, काही नुसते वरून पुढे जातात. चाकणच्या पुढे एका गावाच्या पाझर तलावाजवळ टेकड्यांमधे खिंड आहे, तिथून ते जाताना दिसतात. कुणीतरी तिथे बसून किती गेले ते मोजायचं. लिमये मॅडमनी सरपंचांना फोन करून ठेवला होता, की रविवारी आमची माणसं मोजणीला येतील.

मोजणीला येतील. हे वाक्य लक्षात घ्या. मी घेतलं नव्हतं.

पहाटे निघताना गारठा होता म्हणून मी कंपनीचं पोपटी रंगाचं, रेडियमच्या पट्ट्यांचं जॅकेट चढवलं. वर्षा म्हणाली, "ते काढा. पक्षी बिचकतील." मी म्हणालो, पक्ष्यांना कंपनीच्या सेफ्टीचं काय कळतंय. डोक्यावर कंपनीचीच टोपी. आणि आम्हा स्टोअरवाल्यांना सवय अशी, की कुठेही गेलो तरी आधी खुणा करून जागा आखायची. त्यामुळे तलावाच्या बांधावर पोचल्या पोचल्या, कुठून कुठपर्यंतचं आभाळ आपल्याकडे आहे ते कळावं म्हणून मी दोन टोकांना दोन लाल झेंड्या रोवल्या. गाडीत ऑइलपेंटचा उरलेला डबा होता. खडकावर पक्षी जाण्याच्या दिशेने एक ठळक लाल बाणही काढला. मला वाटलं, वर्षा खूश होईल. ती दुर्बिणीला डोळा लावून बसली होती, तिने बघितलंसुद्धा नाही.

माझ्याकडे काम होतं बटण दाबायचं. हातात एक छोटं यंत्र, पक्षी गेला की दाबायचं, आकडा पुढे सरकतो. मी जोरात सुरुवात केली. थोड्या वेळाने वर्षा दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाली, "तुम्ही काय मोजताय?"

"गरुड."

"ती घार आहे. इथलीच आहे. मघापासून गोल गोल फिरतीये आणि समोर आली की तुम्ही तिला परत मोजताय."

तिने यंत्र काढून घेतलं. मग मला दुसरं काम दिलं. बांधाखाली एका घराचं बांधकाम चाललं होतं, त्या मिक्सरचा धडधडाट सारखा येत होता. "तेवढं थोडा वेळ बंद ठेवतात का, नीट विनंती करून विचारा," ती म्हणाली.

आता विनंती ही गोष्ट मला बायकोसमोर जमते, बाहेर जमत नाही. त्यातून अंगात जॅकेट. मी खाली गेलो आणि म्हणालो, "आज काम बंद ठेवावं लागेल. मोजणी चालू आहे."

मिक्सर तिथल्या तिथे बंद झाला. मी चकितच झालो. स्टोअरमध्ये माझ्या शब्दाने कधी साधा पंखा बंद झालेला नाही.

घराचे मालक पुढे आले. साठीचे गृहस्थ, डोक्याला पंचा, पायाला सिमेंट. सगळे त्यांना किसनतात्या म्हणत होते. त्यांनी माझ्या जॅकेटकडे पाहिलं, वर दुर्बिणीकडे पाहिलं, झेंड्यांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सरपंच बोलला व्हता, मोजणीला मान्सं येत्यात म्हणून. ती तुमीच व्हय?"

"आम्हीच."

"बसा की सायेब. च्या घ्या."

प्लॅस्टिकची खुर्ची आली. तिच्यावर टॉवेल अंथरला गेला. बशीत बिस्किटं आली. मला वाटलं, काय गाव आहे. आमच्या सोसायटीत पक्ष्यांची गोष्ट काढली तर लोक कबुतरांची तक्रार सांगतात, आणि इथे पक्षी मोजणाऱ्याला टॉवेलवर बसवतात.

तात्या समोर उकिडवे बसले. "सायेब, एक इचारू? इथनं किती जातील?"

"बरेच जातील," मी म्हणालो. वर्षाने सांगितलेलं सगळं ताजं होतं. "गेल्या वर्षी कमी गेले, पण यंदा जास्त जातील असा अंदाज आहे."

"गेल्या वर्षी बी गेले?"

"दर वर्षी जातात. तुम्हाला कळत नाही एवढंच."

तात्यांनी बोटाने मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाले, "सरळ जाणार का वळून?"

"सरळ. त्या खिंडीतून येणार, तलावावरून, आणि थेट पश्चिमेला. ते काय, बाण काढलाय ना मी."

"म्हंजी माझ्या घरावरनं."

"हे घर ना? हो, अगदी बरोबर डोक्यावरून."

"दुसरीकडनं न्हाई का जाता यायचं?"

"ते काय आपल्या हातात आहे का, तात्या? फार जुना मार्ग आहे. तुमच्या माझ्या जन्माच्या आधी ठरलेला."

"आमाला कुणी इचारलंच न्हाई."

मला त्यांच्या भोळेपणाची गंमत वाटली. "विचारतंय कोण? ते वरून येतात आणि वरूनच जातात. आपण खाली बसून फक्त बघायचं."

तात्यांनी पंचाने तोंड पुसलं. पुढे कुठपर्यंत जाणार, असं विचारलं. मी म्हणालो, "पुढे थेट समुद्र." बंदरापातूर, असं ते स्वतःशीच पुटपुटले. मी म्हटलं, असेल, बंदरावरूनही जात असतील.

तुम्ही म्हणाल, याला एवढंही कसं कळलं नाही? चाकणच्या पट्ट्यात रोज नोकरीला जाणारा माणूस. आज अमुक रस्ता होणार, उद्या तमुक लाईन टाकणार, कंपनी वाढणार, कुणाचे किती गुंठे जाणार आणि गुंठ्याला किती पैसे मिळणार, याच्याशिवाय तिकडे टपरीवर दुसरा विषय नसतो. मोजणी म्हटलं की तिथला माणूस आधी घरातला सातबारा शोधतो. हे सगळं मला माहीत होतं. पण जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी साहेब म्हणत होतं, आणि त्या नादात मला बाकी काही ऐकूच येत नव्हतं.

तात्यांनी गवंड्याला घरी जायला सांगितलं. मी म्हणालो, अहो, थोड्या वेळापुरतंच बंद ठेवा म्हटलं होतं. तात्या म्हणाले, "आता बांधून तरी काय करायचं, सायेब." मला वाटलं, काय दिलदार माणूस आहे. पक्ष्यांसाठी स्वतःचं घर थांबवतोय.

मी वर येऊन वर्षाला म्हणालो, "बंद केलं. माझ्या शब्दाला मान आहे इथे."

"छान. आता जरा गप्प बसा, दोन गरुड येतायत."

मी गप्प बसलो असतो. पण बांधाच्या कडेला एक पांढरी जीप येऊन थांबली आणि तिच्यातून कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ उतरले. सरपंचांचे धाकटे भाऊ. गावात त्यांना बाळाभाऊ म्हणतात. वर्षाने तोंडावर बोट ठेवून दूर जायची खूण केली, म्हणून मी त्यांना लांब आंब्याखाली घेऊन गेलो. त्यांना ती खूण फार सूचक वाटली असावी.

"साहेब, तात्याच्या बाजूनं जास्त जातायत म्हणे," बाळाभाऊ म्हणाले.

"हो. तिकडून जास्त."

"आपलं रान ह्या अंगाला हाय. बाभळीच्या पल्याड. तिकडनं?"

"तिकडून तुरळक. चार-दोन."

त्यांचा चेहरा पडला. मला खरंच वाईट वाटलं. आपल्या शेतावरून गरुड जात नाहीत म्हणून एवढा खट्टू झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"राव, जरा जास्त जातील असं करा की काहीतरी. तात्याला नको हायत, आपल्याला पायजेत. दोघांचं बी भलं हुईल."

"मी कोण करणार, बाळाभाऊ? तसं म्हटलं तर खायला मिळालं की वळतात म्हणा."

बाळाभाऊंनी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "कोण वळत्यात?"

"सगळेच. भले मोठेसुद्धा. कितीही वर असू देत, खाली मांस दिसलं की उतरतात."

हे मी टीव्हीवर बघितलं होतं. बाळाभाऊ एक पाऊल जवळ सरकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मटण चालंल?"

"चालेल काय, धावेल."

"दुपारपातूर केलं तर?"

"दुपारीच बरं. तेव्हाच वर्दळ असते."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "साहेब, तुमी सरळ माणूस. आजवर एवढं मोकळं कुणी बोललं न्हाई आमच्याशी."

दुपारी त्याच आंब्याखाली पातेलं आलं. मी धरून चाललो होतो, की हा माणूस आपल्या रानात चार हाडं टाकेल. इथे खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा, वर तर्री, सोबत कांदा-लिंबू. मी म्हणालो, "अहो, शिजवायची काय गरज होती? कच्चं चाललं असतं."

"असं कसं साहेब," बाळाभाऊ ओशाळून म्हणाले, "तुमच्यासारख्यांना कच्चं कसं देनार?"

मला त्या उत्तराचा अर्थ लागला नाही, पण वाढलेलं ताट समोर होतं. तात्यांच्या मालकीणबाई, हौसामावशी, पाटीत गरम भाकरी घेऊन आल्या, मागोमाग तात्याही आले. वर्षाही दुर्बीण झाकून जेवायला आली. मावशींनी तिला भाकरी वाढली आणि तिच्या शेजारीच बसून राहिल्या.

"बाई, तुमी बाईमानूस हायसा, तुमाला सांगते," त्या म्हणाल्या. "घर जायचं तर जाऊंद्या. आमी कुनाशी भांडनार न्हाई. पर पोराचं लगीन ठरलंय. सून घरात येईस्तोवर तरी पाडू नगा."

वर्षाचा घास हातातच राहिला. "घर? कोण पाडतंय तुमचं घर?"

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. मी त्या वेळी नळी चोखत होतो.

वर्षा माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही यांना काय सांगितलंत?"

"मी कुठे काय? मी फक्त म्हणालो, की मोजणी..."

तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि दिवसभरात पहिल्यांदा माझा मलाच ऐकू आला. मी बांधाकडे बघितलं. दोन लाल झेंड्या, मधे तीन पायांवर उभं यंत्र, खडकावर लाल बाण, आणि बाणाचं टोक बरोबर तात्यांच्या घराकडे. मटणाचा घास घशात अडकला. कुणी पाणीसुद्धा दिलं नाही.

"आम्ही पक्षी मोजतोय," वर्षा सगळ्यांना म्हणाली. "ससाणे, गरुड. वरून उडत जातात ते. जमिनीशी आमचा काही संबंध नाही."

मग तात्या म्हणाले, "पाखरं मोजायचा पगार कोन देतं?"

"कोणी नाही."

"म्हंजी फुकट?"

"हो."

"ऐतवारी? झोप मोडून?"

"हो."

तात्यांनी मान हलवली. फुकट, रविवारी, शहरातून एवढ्या लांब येऊन उडती पाखरं मोजायची, हे त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही बसत नव्हतं. वर्षा उठली, तात्यांना बांधावर घेऊन गेली आणि दुर्बीण फिरवून तिने त्यांना डोळा लावायला सांगितला. तलावाच्या कडेच्या गवतावरून एक भोवत्या अगदी खालून, पंख न हलवता तरंगत चालला होता. तात्या बराच वेळ बघत राहिले.

"ह्येच घरावरनं जानार?"

"हेच."

"वरनं?"

"बरंच वरून."

तात्यांनी डोळा काढला. "जाऊंद्या की मग," ते म्हणाले, आणि तिथेच खडकावर, माझ्या बाणावर, मटकन बसले. हौसामावशींनी पदर डोळ्याला लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या ते मला कळलं नाही, आणि नीट बघायची माझी हिंमत नव्हती.

हसण्यावारी गेलं असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं झालं नाही. गवंडी तोवर पलीकडच्या गावात दुसऱ्या कामावर जाऊन उभा राहिला होता. लग्नाआधी खोली उभी करायची तर त्याला परत आणणं भाग होतं. तात्यांना गाडीत घालून मी गेलो. गवंडी आधी ऐकायला तयार नाही. म्हणाला, सरकारी कामात आपण पडत नाही. मग भर उन्हात, त्याच्या सगळ्या बिगाऱ्यांसमोर, मला सांगावं लागलं की मी सरकारी नाही, मी नटबोल्ट मोजणारा माणूस आहे, बायकोबरोबर पाखरं बघायला आलो होतो, आणि त्यातही मला घार ओळखता येत नाही. शेवटचं वाक्य गरजेचं नव्हतं. पण तात्या बाजूला उभे होते आणि मला ते म्हणावंसं वाटलं. गवंडी आला.

निघताना मी झेंड्या उपटल्या आणि रॉकेलने बाण पुसला. हौसामावशींनी एक डबा आणून दिला. "रस्सा उरलाय. भाकरी बी हायत. घरी जाऊन कवा करनार बाई सैपाक?" मी नको नको म्हणत घेतला. मावशी म्हणाल्या, "लग्नाला या दोघं. फकस्त ते हिरवं जाकीट घालून येऊ नगा."

एवढ्यावर भागलं असतं. पण हात धुताना बाळाभाऊ माझ्याजवळ आले.

"मानलं साहेब तुमाला," ते हळू आवाजात म्हणाले. "पाखरं. काय डोकं चालवलंय. तात्या गप झाला."

"बाळाभाऊ, शप्पथ सांगतो, खरंच पाखरं."

"कळलं, कळलं. वरनं तसा आदेश असनार. आमी कुनाला बोलनार न्हाई. फकस्त बाभळीकडचं ध्यानात असूंद्या." आणि मला चक्क डोळा मारून ते जीपमध्ये बसले.

पुढच्या आठवड्यात कंपनीत चहाच्या सुट्टीत आम्ही नेहमीच्या टेबलावर बसलो होतो. आमच्यातला सुतार, हा पिंपळे गुरवला राहतो आणि जमिनीच्या बातम्यांवर जगतो. तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "ऐकलं का? तिकडे आत एका गावात गुपचूप मोजणी झाली. रस्ता नक्की आहे. वरचा कुणी साहेब स्वतः आला होता, बायकोला घेऊन. पिकनिकला आल्यासारखा."

"बायकोला घेऊन?" मी म्हणालो.

"अरे, भाऊ, तेवढ्यावर थांबतोय होय? लोकांनी विचारलं, रेषा जरा वळवता येईल का. तर गडी सरळ म्हणाला, खायला मिळालं की वळते. तोंडावर. लाज नाही, काही नाही. मटण करायला लावलं."

माझं डोकं सणकलं. गेल्या रविवारी बिचाऱ्या तात्यांची झालेली अवस्था माझ्या डोळ्यांसमोर होती. त्या भरात मी कप खाली ठेवला आणि बोलायला लागलो. म्हणालो, ही असली माणसं असतात म्हणून गोरगरिबांना झोप लागत नाही. गावातल्या माणसाच्या घासावर डोळा ठेवणाऱ्याला भर चौकात उभं केलं पाहिजे. शेजारच्या टेबलावरची मंडळीही ऐकायला लागली. एक जण "बरोबर आहे, कदम" म्हणाला, तेव्हा मी आणखी चढलो. मी विचारलं, अशा माणसाच्या बायकोला तरी हे कसं चालतं?

"ती म्हणे फार कडक," सुतार म्हणाला. "यंत्राला डोळा लावून बसलेली. कुणाशी बोलायचीच नाही. बोलणी सगळी हा करायचा, आंब्याखाली नेऊन."

आंब्याखाली, हे ऐकलं आणि माझा आवाज आपोआप खाली आला. कपात चहा उरलेला नव्हता, तरी मी तो परत तोंडाला लावला. सुतार मात्र रंगात आला होता.

"आणि भावा, हद्द म्हणजे, एवढं बसून खाल्लं ते खाल्लं, वर जाताना दोन डबे भरून घरी घेऊन गेला."

आता माणसाने अशा वेळी गप्प बसावं की नाही? अख्खं टेबल माझ्याकडे बघत होतं, मी यावर आता काय बोलतो म्हणून.

"दोन नव्हते रे," मी म्हणालो. "एकच होता."